पेलेट स्टोव्ह घ्यायचाय? आधी घरातला थर्मोस्टॅट कुठे आहे ते बघा

न्यू हॅम्पशायरच्या दक्षिणेला, नॅशुआच्या आसपास, आपली बरीच मंडळी आता स्वतःची घरं घेऊ लागली आहेत. अपार्टमेंटमध्ये होतो तोवर हीटिंग म्हणजे भिंतीवरचं एक बटण. घर घेतलं की तळघरातली २७५ गॅलनची तेलाची टाकी आपल्या गळ्यात पडते. मे २०२२ मध्ये टँकरवाला आमच्या दाराला जी पावती अडकवून गेला तिच्यावर गॅलनला पाच डॉलरच्या वरचा भाव होता. आमचं जुनं केप पद्धतीचं घर हिवाळ्यात साधारण ८५० गॅलन तेल पीत होतं. त्या रात्री गुणाकार केला आणि दुसऱ्या दिवशी पेलेट स्टोव्हच्या दुकानात गेलो.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या पाव इंच जाडीच्या कांड्या. वेगळा डिंक लागत नाही; दाबताना भुसा तापतो आणि लाकडातलं लिग्निनच तो बांधून ठेवतं. सांगलीहून आलेल्या माझ्या आईने मूठभर पेलेट हातात घेतले आणि म्हणाली, "अगं, ही तर भुशाची शेगडी!" वखारीतून पोतंभर भुसा आणायचा, डब्यात मधोमध दांडा उभा करून भोवती ठासायचा, मग दांडा अलगद काढायचा. भुसा सैल ठासला गेला तर अख्खी शेगडी ढासळायची आणि घरभर धूर. इथे ठासायचं काम कारखान्यात होतं, एवढाच फरक. स्टोव्हमध्ये गिरणीत दळण ओततात तसे वरून हॉपरमध्ये पेलेट ओतायचे. ऑगर नावाचा फिरता स्क्रू ते थोडे थोडे जाळाच्या भांड्यात टाकतो, एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो.

१. आधी वहीत हिशेब

दुकानदार 'टनभर पेलेट म्हणजे १२० गॅलन तेल' असं सांगेल. त्यात स्टोव्हमधून वाया जाणारी उष्णता धरलेली नसते. त्यापेक्षा दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता प्रत्यक्ष खोलीत यायला किती डॉलर लागतात ते काढा. साधारण कार्यक्षमता धरून माझे गुणक असे:

- तेल: गॅलनचा भाव × ८.८
- प्रोपेन: गॅलनचा भाव × १२.१
- पाइपमधला गॅस: थर्मचा (गॅसच्या बिलावरचं एकक) भाव × ११.१
- विजेचे बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवलेले) हीटर: युनिटचा भाव × २९३ (हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र, असेल तर येणाऱ्या आकड्याला अडीचने भागा)
- पेलेट: टनाचा भाव ÷ १२.३

तेल ३.७५ डॉलर, पेलेट टनाला ३४० डॉलर धरले, तर तेलाचे ३३ आणि पेलेटचे साधारण २८ येतात. प्रोपेन साडेतीन डॉलरला असेल तर ४२. वीज २४ सेंटला असेल तर साध्या हीटरचे ७०, हीट पंपाचे २८.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रस्त्यावरून गॅसची लाइन आलेली असेल तर पेलेट स्टोव्हच्या फंदात पडू नका. चांगला हीट पंप आधीच असेल तरी नको. आणि तेलवाल्यांनो, ३३ विरुद्ध २८ या फरकावर कोणाचं घर वर येत नाही. मग आमचे पैसे वाचले कसे? आम्ही अख्खं घर तापवायचं सोडलं. संध्याकाळी सहा ते अकरा आम्ही सगळे स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीतच असतो. तिथे स्टोव्हची ऊब ७० फॅरनहाइट, आणि बाकीच्या घराचं तेल ६० वर. पेलेट स्टोव्हची खरी बचत ही. हे करायची तयारी नसेल, वरच्या तिन्ही बेडरूम दिवसभर ७० वर हव्या असतील, तर पुढचं वाचण्याची गरज नाही.

त्याही आधी, घराच्या फटी बुजवा. न्यू हॅम्पशायरमध्ये एनएच सेव्ह्ज, मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या योजनांतून माणूस येऊन घर तपासतो. माळ्यावरचं इन्सुलेशन हा कंटाळवाणा खर्च आहे, पण त्याला रोज झाडावं लागत नाही.

२. स्टोव्ह निवडणं

मोठा घेऊ नका. मोठा स्टोव्ह सतत मंद आचेवर चालवला की काच काळी होते आणि काजळी साचते. माहितीपत्रकावर 'इतके हजार चौरस फूट' लिहिलेलं असतं ते मोकळ्या, उत्तम इन्सुलेशनच्या घरासाठी. ज्या भागात आपण बसतो तेवढाच भाग मोजा.

पाहायच्या गोष्टी: मागच्या लेबलवर ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं) २०२० चं प्रमाणन (ताशी २ ग्रॅमपेक्षा जास्त धूरकण नकोत), कार्यक्षमतेचा आकडा, हॉपरमध्ये किमान एक पूर्ण पोतं मावतं का, आणि राखेचा ट्रे काढायला सोपा आहे का. शेवटची गोष्ट दुकानातच हाताने करून बघा. सेल्समन आगीच्या ज्वाळा दाखवत राहील, तुम्ही ट्रे ओढा.

एक सापळा: ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची फेडरल करसवलत. ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या स्टोव्हसाठीच होती. त्यानंतरच्या खरेदीत कोणी ती वजा करून किंमत सांगत असेल तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

जुना स्टोव्ह स्वस्तात मिळतो. पण लेबल खरवडलेलं असेल, पुस्तिका नसेल, किंवा पेटवून दाखवायला मालक काचकूच करत असेल तर परत फिरा. लेबल आणि पुस्तिका नसली तर इन्स्पेक्टर पुढचं काही ऐकून घेत नाही. आम्ही दुकानात मांडलेला नग घेतला; धुराची नळी, बसवणूक, परवाना सगळं धरून ३,६०० डॉलर झाले.

३. कागदपत्रं

परवाना कोण देतो ते टाउनप्रमाणे बदलतं. कुठे बिल्डिंग इन्स्पेक्टर, कुठे फायर डिपार्टमेंट. टाउन हॉलला फोन करून विचारा. बसवून झाल्यावर विचारू नका. हाताशी ठेवा:

- स्टोव्हची पुस्तिका, त्यातलं भिंतीपासूनच्या अंतराचं पान वेगळं छापून
- लेबलचा फोटो (स्टोव्ह भिंतीला लागला की मागे हात जात नाही)
- नळी कुठून जाणार त्याचं साधं रेखाटन
- बसवणाऱ्याचं लायसन्स किंवा एनएफआय (नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूट) प्रमाणपत्र
- तपासणी झाल्यावरची सही केलेली चिठ्ठी
- घराच्या विमा कंपनीला पाठवलेली ईमेल आणि तिचं उत्तर

विम्याचं बहुतेक जण विसरतात. आमच्या विमा कंपनीने फोटो आणि इन्स्पेक्शनची प्रत मागितली, हप्ता काही वाढवला नाही. काही कंपन्या वाढवतात. न सांगता बसवलात आणि उद्या आग लागली तर दाव्याच्या वेळी भांडत बसावं लागेल.

४. बसवणं

स्वतः बसवायचा मोह आवरा. निदान नळीचं काम जाणकाराकडून करून घ्या. पेलेटसाठी दुहेरी भिंतीची खास 'पीएल' नळी येते, तीन किंवा चार इंची. कपडे वाळवायच्या मशीनला लावतात ती पातळ अ‍ॅल्युमिनियमची नळी दिसायला तशीच असते आणि पाचपट स्वस्त असते. ती लावलेलं एक घर मी पाहिलं आहे. पाहून बाहेरच थांबले.

नळीचं बाहेरचं तोंड खिडकी, दार आणि गॅस मीटरपासून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, आणि बर्फ साचतो त्या पातळीच्या वर असलं पाहिजे. वादळानंतर फावडं घेऊन मी सगळ्यांत आधी तिथे जाते, गाडीकडे नंतर. शक्य असेल तर नळी घरातच तीन-चार फूट उभी नेऊन मग भिंतीतून बाहेर काढायला सांगा. वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो. नळी उभी असेल तर उरलेला धूर आपोआप वर जातो, आडवी असेल तर खोलीत येतो.

बाहेरची हवा आत घेणारी दोन इंची नळीही लावून घ्या. नाही लावली तर स्टोव्ह आपण पैसे देऊन तापवलेली हवा जाळतो, आणि तेवढीच थंड हवा दारांच्या फटींतून आत येते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ लावा. याला पर्याय नाही. प्लग थेट भिंतीत घाला, एक्स्टेन्शन कॉर्डवर नको.

५. पेलेट कधी, कुठले, किती

टन म्हणजे २,००० पौंड, ४० पौंडांची ५० पोती, एका लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर) रचलेली. मध्यम आचेवर आम्हाला दिवसाला एक पोतं लागतं, कडक थंडीत दीड. हिवाळ्याला तीन टन.

खरेदी एप्रिल-मेमध्ये करा. २०२२ च्या नोव्हेंबरात मी तीन दुकानं फिरले, तिन्हीकडे नुसते रिकामे पॅलेट.

पोत्यावर पीएफआयचा (पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट) 'प्रीमियम' शिक्का बघा: राख १ टक्क्याच्या आत, ओल ८ टक्क्यांच्या आत. पोत्याच्या तळाशी भुकटी किती आहे ते बोटांनी चाचपा. भुकटी जास्त असली की ऑगर चोंदतो. आणि सरपणाचा नियम इथे लावू नका. सरपण म्हणून ओक किंवा मेपल चांगलं, पण पेलेटमध्ये पाइन-स्प्रूससारखं मऊ लाकूड बहुधा जास्त धग देतं आणि राख कमी करतं. एकदम तीन टन उचलण्याआधी दोन-तीन कंपन्यांची चार-चार पोती आणून जाळून बघा. स्टोव्हांनाही आवडीनिवडी असतात.

एक पेलेट ग्लासभर पाण्यात टाकून बघाच. पाच-दहा मिनिटांत तो साबुदाण्यासारखा फुगतो आणि मग त्याचा पुन्हा भुसा होतो. पॅलेटवरचं प्लास्टिक पाऊस अडवतं असं समजून आम्ही पहिल्या वर्षी एक टन ड्राइव्ह-वेवर ठेवला होता. प्लास्टिकला फोर्कलिफ्टने पाडलेली दोन भोकं होती. सात पोती गेली. आता पॅलेट गॅरेजमध्ये, भिंतीपासून वीतभर दूर, आणि खाली लाकडी फळ्या. सिमेंटची जमीनही ओल सोडते.

६. थर्मोस्टॅट: आमची फजिती

आमचा तेलाचा थर्मोस्टॅट, म्हणजे हवेचं तापमान बघून बॉयलर चालू-बंद करणारं भिंतीवरचं बटण, बैठकीच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये होता, स्टोव्हपासून पाच पावलांवर. स्टोव्ह लावला की पॅसेज ७२ वर. थर्मोस्टॅटला वाटायचं घर मस्त गरम आहे, तेलावर पाणी तापवून घरभर नळ्यांतून फिरवणारा बॉयलर झोपून राहायचा. बिल बघून आम्ही खूश.

३ आणि ४ फेब्रुवारी २०२३ ची थंडी इथे कोणी विसरलं नसेल. माउंट वॉशिंग्टनवर वाऱ्यासह उणे १०८ फॅरनहाइटची नोंद झाली. आमच्या अंगणातला पारा उणे १२ वर होता. आम्ही शाली गुंडाळून स्टोव्हसमोर, आणि उत्तरेकडच्या बाथरूमच्या भिंतीतली बेसबोर्डची नळी गोठत होती. बॉयलर चालतच नव्हता, त्यामुळे नळीतलं पाणी जागच्या जागी उभं होतं. सकाळी त्या नळीवर हात ठेवला तर लोखंडी कुलूप धरल्यासारखं वाटलं. नशिबाने फुटली नाही. हेअर ड्रायर घेऊन मी दोन तास जमिनीवर बसले होते.

यातून शिकलेलं:

- तेलाचा थर्मोस्टॅट स्टोव्हच्या धगीपासून लांब, शक्यतो घराच्या थंड बाजूला हलवा. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम.
- तो हलवता येत नसेल तर ठरावीक वेळाने बॉयलरचं पाणी फिरवणारा थर्मोस्टॅट लावा. शून्याखालच्या रात्री ते पाणी फिरलंच पाहिजे.
- बाकीचं घर ५८-६० च्या खाली नेऊ नका. तळघर विसरू नका. बॉयलर चालायचा तेव्हा त्याच्या फुकटच्या उबेवर तळघरातले पाइप तगत होते.
- स्टोव्हचा स्वतःचा थर्मोस्टॅट बसायच्या खोलीत, पण गरम हवेच्या झोतात नको.
- खोलीतून पॅसेजकडे ऊब न्यायची असेल तर छोटा टेबलफॅन थंड बाजूला जमिनीवर ठेवून स्टोव्हच्या दिशेने लावा. उलटं वाटतं, पण थंड हवा जड असते, ती ढकलणं सोपं. गरम हवा वरून आपोआप तिची जागा घेते.

आणि तेलाचं बिल शून्य होईल या भ्रमात राहू नका. बऱ्याच घरांत अंघोळीचं पाणीही त्याच बॉयलरवर तापतं. जुलैतही.

७. रोजची झाडलोट

बंब पेटवायच्या घरात वाढलेल्यांना याचं काही वाटणार नाही. बाकीच्यांनी हे वाचून मगच निर्णय घ्यावा.

रोज, स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर, जाळाचं भांडं खरवडायचं. त्याच्या तळाच्या भोकांतून हवा येते. ती बुजली की वीटभट्टीतल्या खंगरासारखे कडक खडे जमतात, जाळ आळशी होतो आणि पेलेट अर्धवट जळून ढीग होतो. जाळ वाचायला शिका: आखूड, पिवळाधमक, नाचणारा असेल तर उत्तम. लांब, नारिंगी, टोकाला काळपट आणि डुलणारा म्हणजे हवा कमी पडतेय. काचेवर करडी पूड चालते. काळी काजळी नाही.

आठवड्याला राखेचा ट्रे आणि काच. दर टनामागे नळीचा टी (T आकाराचा जोड) काढून झाडायचा, पंख्याची पाती ब्रशने साफ करायची. दाराच्या कडेने हवा अडवणारी दोरी सैल झाली का ते बघायला डॉलरची नोट दारात ठेवून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर ठीक, सहज सुटली तर दोरी बदला.

राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, आणि बादली बाहेर दगडावर. लाकडी डेकवर कधीच नाही. निखारा राखेत दोन-तीन दिवस जिवंत राहतो. आमच्या ह्यांनी पहिल्या महिन्यात घरातल्या साध्या व्हॅक्यूमने 'गार' राख ओढली. दहा मिनिटांनी पिशवी जळल्याचा वास आला आणि व्हॅक्यूम बर्फात फेकावा लागला. राखेसाठी वेगळा, धातूचा व्हॅक्यूम मिळतो. तोही स्टोव्ह गार झाल्यावरच.

८. वीज गेली तर

स्टोव्ह बंद. चालू राहायला त्याला साधारण १०० वॉट लागतात, पेटताना काही मिनिटं ३००-४००. छोटा जनरेटर किंवा प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) बॅटरी बॅकअप पुरतो. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर त्याचा कंट्रोल बोर्ड रुसतो. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. तेलाचा बॉयलरही विजेशिवाय चालत नाहीच, त्यामुळे पेलेटमुळे तुम्ही या बाबतीत काही गमावत नाही.

९. आमचा ताळेबंद

८५० गॅलनचे ३५० झाले. वाचलेल्या ५०० गॅलनचे, ३.७५ च्या भावाने, १,८७५ डॉलर. त्यातून तीन टन पेलेटचे १,०२०, विजेचे अंदाजे ९०, ब्रश-दोरीचे ३० वजा केले की उरतात ७३५. म्हणजे ३,६०० डॉलर सुटायला पाच हिवाळे. साफसफाई बाहेरच्या माणसाकडून करवली तर सात धरा. तेल पाचवर गेलं तर हेच गणित तीन वर्षांच्याही आत बसतं, अडीचवर आलं तर जवळजवळ काही सुटत नाही.

१०. एप्रिलमध्ये बंद करताना

हॉपर पूर्ण रिकामा होईपर्यंत जाळा. उरलेले पेलेट पावसाळी हवेत ओल धरतात आणि ऑगरमध्ये घट्ट बसतात. सगळी राख काढा, नळी झाडा, प्लग काढा. बाहेरच्या तोंडात पक्षी घरटं करतात, म्हणून तिथे चिंधी कोंबून ठेवा. आणि हॉपरच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: 'बाहेर चिंधी आहे'. ऑक्टोबरच्या पहिल्या थंड संध्याकाळी ते कोणाच्याच लक्षात नसतं.